चाळिसाव्या झाडाच्या पुढे

डोळे उघडेच ठेवा, पण थोडा वेळ तुमचं घर, अंगण, शाळा बाजूला सारा आणि असं समजा की तुम्ही जंगलात उभे आहात. फार मोठं जंगल नाही. दिग्रस आणि दारव्हा यांच्या मधे, एका लहानशा तलावाला धरून असलेलं, तासाभरात पालथं घालता येईल एवढंच. तुमच्यापुढे सागाचं झाड आहे. त्याच्या खोडाभोवती लाल रंगाचा पट्टा आहे आणि पट्ट्यावर आकडा आहे, ४७. तुम्ही सकाळपासून एक, दोन, तीन असे नंबर बघत आलात, म्हणून तुम्हाला वाटतं, पुढचं झाड अठ्ठेचाळीस. तुम्ही दहा पावलं जाता. पुढच्या झाडावर लिहिलेलं असतं, १२. त्याच्या पुढच्यावर ३३. परत मागे वळावं, तर आपण कुठल्या झाडाकडून आलो तेच कळेना, कारण सगळे साग सारखे आणि सगळ्यांच्या अंगावर लाल पट्टे.

अशा वेळी तुम्ही काय कराल ते मनात ठेवा. दिग्रसच्या बाबुलाल कापडवाल्यानं काय केलं, ते सांगतो.

बाबुलाल त्या रविवारी बायको, दोन मुलं आणि पोळ्यांचा डबा घेऊन या वनउद्यानात आला होता. मुलांनी आधी तलावात पायडलची होडी चालवली. मग मचाणावर चढून बगळे मोजले. मग टायरच्या झोक्यावर कोण आधी बसणार यावरून भांडण केलं. शेवटी बायको म्हणाली, चला, ती नवीन निसर्गवाट करून येऊ, अर्ध्या तासाची तर आहे. निसर्गवाट म्हणजे झाडांची ओळख करून घेत चालायची पायवाट. दारावर एक कागद मिळतो, त्यावर लिहिलेलं असतं, एक नंबर बेहडा, दोन नंबर तेंदू, तीन नंबर धावडा. नंबर बघायचा, कागद बघायचा, झाडाला हात लावायचा, पुढे जायचं. चाळीस नंबरला नाला लागतो आणि तिथून वाट वळून तलावाकडे परत येते.

पण बाबुलालला चाळीसच्या पुढे, नाल्याच्या पल्याड, एक्केचाळीस दिसला. कागदावर तर चाळीसच नावं होती. त्याला वाटलं, कागद छापताना राहिलं असेल. तो नाला ओलांडून गेला. बेचाळीस सापडला, त्रेचाळीस सापडला, असं करत सत्तेचाळीस. आणि मग बारा.

दीड तास ते चौघं त्या सागात फिरले. बारावरून तेहेतीस, तेहेतीसवरून पाच, पाचवरून पुन्हा बारा. शेवटी ते पलीकडच्या एका तांड्यावर निघाले आणि तिथल्या भावसिंग नावाच्या माणसानं त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून उद्यानाच्या दारात आणून सोडलं. मुलांना ट्रॉलीच सगळ्यात जास्त आवडली. बाबुलालला मात्र घाम फुटला होता. दारातल्या चौकीत बसलेल्या वनरक्षक जयाताईंना त्यानं बोट नाचवत विचारलं की तुमच्याकडे सत्तेचाळीसच्या पुढे बारा येतो का, आणि येत असेल तर आमच्या पोरांना शाळेत काय शिकवून राह्यले.

हे सगळं चौकीच्या मागे पेरूच्या झाडावर बसलेल्या एका मुलीनं ऐकलं. तिचं नाव मैत्रेयी. वय दहा. तिच्या हातातला पेरू अर्धा खाल्लेला होता, तो तिनं तसाच खाली ठेवला.

मैत्रेयीचे आबा, बळीराम, चाळीस वर्षं जंगलात मजुरी करत आले होते. त्यांचं खास काम म्हणजे झाडांना पट्टे मारणं. जंगल फार दाट झालं की मधली काही झाडं तोडावी लागतात, म्हणजे बाकीच्यांना ऊन आणि जागा मिळते. याला विरळणी म्हणतात. कुठलं झाड तोडायचं ते साहेब ठरवतात, आणि ते इकडचं तिकडचं झाड दाखवतील त्या क्रमानं आबा त्याला लाल पट्टा मारून त्यावर नंबर घालतात. मग वनरक्षक येऊन झाडाच्या बुंध्याशी लोखंडी हातोड्यानं ठसा उमटवतात. ठसा बसला की ते झाड गेलं असं समजायचं. आजूबाजूच्या गावांत लाल पट्ट्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो.

ऑक्टोबरात आबांनी नाल्याच्या पल्याडच्या सागाला असे साठ पट्टे मारले होते. त्याच्या मागोमाग निसर्गवाटेचं काम आलं. वाटेसाठी पिवळा रंग यायचा होता, तो आलाच नाही. उद्घाटनाची तारीख मात्र आली. तेव्हा जयाताई म्हणाल्या, लालच मारा, काका, नाल्याच्या अल्याड वाट आणि पल्याड विरळणी, मधे नाला आहे, घोळ व्हायचं काही कारण नाही.

घोळ व्हायचं कारण पेरूच्या झाडावर बसलं होतं.

सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मैत्रेयी आबांसोबत वाटेवर गेली होती. आबा पट्टा मारत होते, ती रंगाचा डबा धरून होती. तिला आकडे काढायला आबांनीच शिकवलं होतं, घरच्या भिंतीवर कोळशानं, त्यामुळे तिचे आकडे थेट त्यांच्यासारखे यायचे. दुपारी चाळिसावं झाड झालं. आबांनी भाकर खाल्ली आणि रुमाल तोंडावर घेऊन झोपले. मैत्रेयी नाल्याच्या काठावर बसून विचार करत राहिली की वाट इथंच का वळवली. सगळ्यात चांगली जागा तर पुढे आहे. नाल्याच्या पल्याड, चढावर, एक जाड साग आहे. त्याला कमरेएवढ्या उंचीवर फांदी फुटून बसायला खुर्चीसारखी जागा झाली आहे. तिथं बसलं की तलाव आख्खा दिसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती जागा फक्त तिला माहीत होती. येणारे लोक बेहडा बघतील, तेंदू बघतील आणि ती जागा न बघताच परत जातील, हे तिला पटेना.

तिनं डबा उचलला, ब्रश उचलला आणि नाला ओलांडला. सात झाडांना सात पट्टे, एक्केचाळीस ते सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हणजे ते बसायचं झाड. वाटेच्या चाळीस झाडांनाही लालच पट्टे होते, त्यामुळे तोडायच्या झाडांचं तिच्या मनातही आलं नाही. आबा उठायच्या आत डबा जागेवर होता. सांगायचं तिच्या मनात होतं, पण संध्याकाळी मामा आला, मग दुसऱ्या दिवशी ती मामाच्या गावाला गेली, आणि राहून गेलं.

सोमवारी सकाळी जयाताई, आबा आणि मागे मैत्रेयी असे तिघं नाल्याच्या पल्याड गेले. जयाताईंच्या हातात रजिस्टर होतं. त्या झाड बघत, नंबर वाचत आणि रजिस्टरात खूण करत. दोन तासांनी त्या थांबल्या. रजिस्टरात साठ होते आणि झाडं सदुसष्ट निघाली. एक्केचाळीस दोन. बेचाळीस दोन. अशी सात जोड्यांची गंमत. जयाताईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा सदुसष्ट.

"काका, हे आकडे तर तुमच्याच हातचे आहेत," त्या म्हणाल्या. रागानं नाही. नुसत्या गोंधळून.

आबा उताराच्या खालच्या बाजूला उभे राहून त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"माह्याच हातचं आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण म्या कवा केलं?"

जयाताई या उद्यानात महिन्याभरापूर्वीच बदलून आल्या होत्या. त्यांनी विचारलं की ब्रश दुसऱ्या कुणाच्या हातात दिला होता का. कारण झाडावर नंबर घालायचं काम ज्याच्या नावावर, त्यानंच करायचं असतं. दुसऱ्याच्या हाती ब्रश दिला असं साहेबांना कळलं तर पुन्हा कामावर बोलावणार नाहीत. आबांनी मान हलवली. कुणालाच दिला नव्हता, आणि ते खरंच होतं.

आता मैत्रेयीचं काय झालं ते बघा. तोंड उघडलं होतं तिनं. शब्द जिभेवर आला होता. पण जयाताईंचं बोलणं ऐकून तो परत गेला. सांगितलं तर आबांचं काम जाणार. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर सात पट्टे आबांनीच मारले असं ठरणार, पण पट्टा चुकला म्हणून कुणाचं काम जात नाही, असं तिला वाटलं. म्हणून ती गप्प राहिली. तिला वाटलं, आपण आबांना वाचवलं.

जयाताईंनी त्या दिवशी ठसे मारायचं थांबवलं आणि सांगितलं की गुरुवारच्या आत हे निस्तरायला हवं. गुरुवारी दारव्ह्याहून चाळीस मुलांचं शिबिर येणार होतं. एक रात्र तंबूत राहणार, सकाळी पक्षी बघणार, आणि निसर्गवाटेवर त्यांना आबा घेऊन जाणार असं ठरलं होतं. आबांनी त्यासाठी पंधरा दिवस तयारी केली होती. कुठल्या झाडाची साल कशी हाताला लागते, कुठल्याचं पान चोळलं की कसा वास येतो, कुठल्या झाडावर कुठला पक्षी पोखरतो, हे सगळं ते घरी एकटेच बोलून बघायचे.

आबा म्हणाले, "मुलांले दुसऱ्या कोणाच्या सोबत धाडा, मॅडम. माह्यावर आता भरवसा नाई."

जयाताई म्हणाल्या, अहो काका, एवढं काय त्यात. पण आबा पुढे चालू लागले होते.

मंगळवार फार विचित्र गेला. आबा ओट्यावर बसून स्वतःची परीक्षा घेत होते. कालची भाजी कोणती होती. परवाच्या बाजारातून काय आणलं. प्रफुल्ल, म्हणजे मैत्रेयीचे बाबा, पुण्याला कामाला गेले ते कोणत्या महिन्यात. सगळी उत्तरं बरोबर येत होती, आणि तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. ते म्हणायचे, जे आठवते ते आठवते, जे नाही आठवत ते कसं कळणार की आठवत नाही म्हणून. मैत्रेयीला हे वाक्य तीनदा मनात म्हणून बघावं लागलं, आणि समजल्यावर तिला आणखीच वाईट वाटलं.

आजी रुखमाबाई सुपात तूर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं डोकं गेलं असतं तं बरंच झालं असतं. माह्या भावाच्या लग्नात तुम्ही रुसले होते, ते तरी विसरले असते."

एरवी आबा यावर काहीतरी उलटून बोलले असते. त्या दिवशी हसलेही नाहीत. त्यांनी ब्रश रॉकेलच्या वाटीत धुतला, फडक्यात गुंडाळला आणि आजीजवळ दिला. म्हणाले, ठेवून दे, आता कोणी मागायला आलं तर देऊन टाक.

आपण आबांना वाचवलं असं मैत्रेयीला वाटत होतं, आणि आबा तर तिच्यासमोर कमी कमी होत चालले होते. काम राहिलं होतं, पण काम करणारा माणूस राहत नव्हता. याचा हिशेब तिला लागेना. तिनं आजीला विचारलं, एखादी गोष्ट सांगितली तरी वाईट आणि नाही सांगितली तरी वाईट असेल तर काय करायचं. आजी म्हणाल्या, जेवण करायचं, मग बघायचं. मैत्रेयी जेवली, पण त्यानंतरही तिला काही दिसलं नाही.

बुधवारी सकाळी आबा घरी नव्हते. मैत्रेयी वाटेनं पळत गेली. एक नंबर, दोन नंबर, दहा नंबर, कुणी नाही. तेवीस नंबरच्या झाडापाशी आबा उभे होते. झाडाच्या अंगावर हात ठेवून, जसं आपण तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा.

"एकापासून बघत आलो," ते म्हणाले. "बावीसपर्यंत आठवते, म्या केलं. हे तेवीस... हे बी मीच केलं असंन ना?"

तेव्हा मैत्रेयीला कळलं की आता आणखी थांबलं तर आबांना स्वतःचे चाळीसही ओळखू येणार नाहीत.

"आबा, ते सात म्या मारले," ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आजीनं शिकवून धाडलं काय तुले?"

"नाई, आबा. तुम्ही झोपले होते. खरंच म्या मारले."

"माहं मन राखाले असं बोलू नये, बाई. आकडा माह्या हातचा आहे. म्या पाह्यला ना."

घ्या. गप्प होती तोवर कुणी विचारलं नाही, आणि खरं बोलली तर ते खोटं ठरलं. आपण खरंच मारले होते ना, अशी शंका मैत्रेयीलाही येऊन गेली, इतका तो गोंधळ मोठा होता. मग तिनं आबांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत नाल्याकडे नेलं. चाळीस नंबर मागे पडला. नाला ओलांडला. एक्केचाळीस नंबरच्या सागापाशी ती खालच्या बाजूला थांबली नाही. ती झाडाला वळसा घालून चढाच्या बाजूला गेली.

पट्टा मारणाऱ्यांची एक रीत असते. उतारावरच्या झाडाला पट्टा मारायचा तर चढाच्या बाजूला उभं राहायचं आणि बरोबर आपल्या छातीच्या उंचीवर मारायचा. आबांनी ही रीत चाळीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती, आणि मैत्रेयीनंही ती मोडली नव्हती. आकडा मात्र खालच्या बाजूला, वर येणाऱ्याला दिसेल असा घालतात, म्हणून सोमवारी सगळ्यांनी खालूनच बघितलं होतं, आणि खालून पट्टा आबांच्या छातीएवढा दिसत होता.

मैत्रेयी चढाच्या बाजूला खोडाला पाठ लावून उभी राहिली. पट्टा तिच्या छातीवरून गेला.

आबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. पट्टा त्यांच्या सदऱ्याच्या खालच्या बटणाशी आला. त्यांनी तिथं हात लावला. मग वाकून तिच्या उंचीवर आले, पुन्हा सरळ झाले. मग ते बेचाळीसकडे गेले, त्रेचाळीसकडे गेले, आणि प्रत्येक झाडाशी चढाच्या बाजूला उभे राहून हात लावत राहिले. चव्वेचाळीसपाशी ते हसायला लागले. शेहेचाळीसपाशी त्यांना थांबून डोळे पुसावे लागले. मैत्रेयीला कळेना की आता रडायचं की हसायचं, म्हणून ती नुसती मागे मागे चालली.

सत्तेचाळीस नंबरला तिनं त्यांना फांदीच्या खुर्चीत बसवलं. समोर तलाव होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन होड्या काठाला बांधलेल्या, पलीकडे शिबिराचे तंबू उभे करणारी माणसं मुंगीएवढी.

"चाळीस वर्षं झाली," आबा म्हणाले. "या झाडाखालून किती वेळा गेलो असंन. इथून तलाव दिसते हे मले ठाऊकच नव्हतं. म्या नुसते बुडखेच पाह्यले."

ते बराच वेळ बसले. तेवीस नंबर कुठला, सोळा नंबर कुठला, हे त्यांनी स्वतःशीच पुटपुटून बघितलं. प्रत्येक झाड आठवत होतं. मग ते खाली उतरले आणि कपडे झटकले. आता त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

"आता ऐक," ते म्हणाले. "मॅडमले मी सांगतो, माह्याच हातून झालं, नजरचुकीनं झालं. उद्या पोरांले मीच घेऊन जातो. तू काही बोलायचं नाई. तुहं नाव निघालं तं ब्रश तुह्या हाती काहून गेला, असं विचारतीन."

मैत्रेयी पुन्हा गोंधळली. आत्ताच तर आबा हसले होते, कारण ते सात त्यांचे नव्हते. आणि आत्ताच ते सात पुन्हा स्वतःच्या अंगावर घेत होते. चौकीत त्यांनी तसं सांगितलं तर रजिस्टरात तसंच लिहिलं जाईल. उद्या ना परवा आबा पुन्हा एखाद्या झाडापुढे उभे राहतील, आणि कुणीतरी म्हणेल, काका, मागं पण तुमच्याकडून असं झालं होतं. ब्रशचं विचारलं तर? विचारतील. काय उत्तर द्यायचं ते तिला माहीत नव्हतं. काम जाईल का तेही माहीत नव्हतं.

पाणी ओलांडायचं म्हणून आबा नाल्याशी चप्पल काढायला बसले. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वेळ लागतो. मैत्रेयी चप्पल न काढताच पाण्यात शिरली आणि अल्याड आली. मागून आबांची हाक आली. ती थांबली नाही. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस, असे नंबर उलटे मोजत ती चौकीपर्यंत पळत गेली. जयाताई टेबलावर रजिस्टर उघडून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात पेन होतं. मैत्रेयी ओल्या चपलांनी तशीच आत गेली, रजिस्टराच्या उघड्या पानावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "जयाताई, लिहू नका. आधी मले विचारा."